टवका उडालेली मोहर

"चोर परवडला, तो निदान कुलूप तरी तोडतो."

असं लाखवाले हवालदार एकदा भर चहाच्या वेळी म्हणाले होते. कोणाला उद्देशून नाही. समोर भिंत होती, तिला. ठाण्यातली मंडळी पोट धरून हसली. हवालदारांना विनोद जमत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जरा जास्तच हसली. साहेबही हसले. हवालदारांचा जावई त्याच ठाण्यात शिपाई होता. तो मात्र हातातल्या पेल्यात बघत राहिला, जणू चहात काहीतरी पडलं होतं.

लाखवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ठाण्यात जप्त होऊन येणारी प्रत्येक वस्तू शेवटी मागच्या खोलीत, त्यांच्या ताब्यात यायची. सुरे, सायकली, मोटारीच्या बॅटऱ्या, एक शिवणयंत्र, एका खुनाच्या खटल्यातलं बंद पडलेलं घड्याळ आणि कुठल्याशा माणसाची एकच चप्पल. वस्तू कापडात गुंडाळायची, सुतळीने आवळायची, गाठीवर लाल लाख वितळवून ओतायची आणि ती गार व्हायच्या आत तिच्यावर पितळी मोहर दाबायची. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. उजव्या हाताची दोन बोटं चटके बसून बसून गुळगुळीत झाली होती. "ज्यांनी उभ्या जन्मात लाखाची रक्कम पाहिली नाही ते आमचे लाखवाले," असं मागे एका साहेबांनी म्हटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

पद्धत साधी होती. खोलीची चावी हवालदारांच्या कमरेला, मोहर साहेबांच्या खणात. दोन्ही एकाच्या हातात कधी नाहीत. दोन माणसं एकदम बिघडतील हे ही पद्धत घालून देणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. किंवा आलं असेल, आणि तो कंटाळून उठून गेला असेल.

तीन वर्षांपूर्वी त्या खोलीत गिरणीच्या पगाराची बॅग आली. चौघांनी गिरणीच्या खजिनदाराला भर दुपारी रस्त्यात गाठून, डोकं फोडून ती पळवली होती. आठवड्याभरात चौघेही सापडले, बॅगही सापडली. एका गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे. नोटांची चाळीस पुडकी. सगळ्यांसमक्ष मोजली, पंचांनी सह्या केल्या आणि हवालदारांनी बॅगेवर सहा ठिकाणी लाख ओतली. खटला निकाली लागला की पैसे कामगारांना मिळायचे होते. खटला लागला होता, निकाली लागत नव्हता.

दर महिन्याच्या एक तारखेला तो खजिनदार यायचा. कपाळावर टाक्यांची रेघ, हातात छत्री, ऊन असो नसो. गजांच्या खिडकीशी उभा राहून विचारायचा,

"आहे ना हो?"

"आहे," हवालदार म्हणायचे.

"नाही, तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. पण अर्धी गिरणी अजून समजते की मीच त्या चौघांना सामील होतो. ते पैसे एकदा त्यांच्या हातात पडले की मी सुटलो. आहे ना?"

"आहे म्हटलं ना! पाय फुटलेत का बॅगेला?"

असं खेकसलं की खजिनदाराला बरं वाटायचं. तो जायचा.

गेल्या वर्षी हवालदारांच्या हातून मोहर पडली. फरशीवर आपटली आणि खालच्या कडेचा टवका उडाला, तांदळाच्या दाण्याएवढा. तेव्हापासून प्रत्येक ठशाला खाली एक खाच येऊ लागली. साहेबांनी त्यांना लेखी समज दिली. हवालदारांनी नव्या मोहरेसाठी वरच्या कचेरीत अर्ज पाठवला, तर दोन महिन्यांनी उत्तर आलं: जुनी मोहर अखंड स्थितीत जमा केल्याखेरीज नवी मिळणार नाही. हवालदारांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग त्यांनी ते फाईलला लावलं, कारण त्या पत्राचं दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. सरकारी दवाखान्यात नंबर लावला होता, पण जावई ऐकेना. "मामा, डोळ्याच्या बाबतीत हलगर्जीपणा नको. खासगीत करू, चांगलं भिंग बसवू. पैशांचं मी बघतो." मुलीने वडिलांकडे अशा अभिमानाने पाहिलं की त्यांना नाही म्हणता येईना. आठ दिवसांची रजा पडली. रजेवर जाताना खोलीची चावी कोणाच्या तरी हवाली करून वहीत सही घ्यायची असते. एकतीस वर्षांत हवालदारांनी साहेबांचीसुद्धा सही सोडली नव्हती. या वेळी चावी जावयाच्या हातात दिली आणि वही उघडलीच नाही. घरच्या माणसाची सही काय घ्यायची?

डोळा छान झाला. आठ दिवसांनी चावी परत आली. जगाचे रंग धुऊन काढल्यासारखे दिसू लागले. ठाण्याच्या भिंतीही इतक्या घाण आहेत हे त्यांना नव्यानेच कळलं.

आणि मग एक तारीख आली. खजिनदार आला, छत्री गजाला टांगली.

"एकदा उजेडात धरता का हो? लांबून काळी काळीच दिसते."

हवालदारांनी वैतागत बॅग उचलली आणि खिडकीपाशी धरली. ऊन सहाही मोहरांवर पडलं. सहाही मोहरांना खाली खाच होती.

"आहे ना?" खजिनदाराने विचारलं.

बॅग तीन वर्षांपूर्वीची, टवका गेल्या वर्षीचा. तीन वर्षांपूर्वी मारलेल्या मोहरेला खाच असायचं कारणच नव्हतं.

"आहे," ते म्हणाले. खोलीतल्या हवेला बुरशीचा वास येत होता, तो एकदम नाकात भरला.

खजिनदार गेल्यावर त्यांनी फळीवरून बॅगेच्याच वर्षीचा एक सुरा काढला. ठसा गोल, अखंड. गेल्या महिन्यातली बॅटरी काढली. ठशाला खाच. मग पुन्हा बॅग. पुन्हा सुरा. असं किती वेळ चाललं कोण जाणे. कोणीतरी बॅग फोडली होती आणि पुन्हा सुतळीने बांधून तिला लाख ओतली होती. सफाईने, घाई न करता, कारण घाई करायचं कारण नव्हतं. चोराला कुलूप तोडावं लागतं. इथे चावीनेच दार उघडलं होतं आणि सरकारी मोहरेनेच बंद झालं होतं. चुकलं एवढंच, की मोहर तुटकी आहे हे मारणाऱ्याच्या लक्षात राहिलं नाही. खणात मोहर बाळगणारा माणूस मोहरेकडे बघत नाही.

ते साहेबांच्या खोलीत गेले. साहेब पंख्याखाली बसून नखं कापत होते.

"साहेब, गिरणीच्या बॅगेवरची मोहर आपली आहे, पण माझी नाही."

साहेबांनी नखं कापणं थांबवलं नाही. "सील शाबूत आहे?"

"शाबूत आहे, पण..."

"मग प्रश्न काय आहे?"

"साहेब, खाच आहे ठशाला."

"हवालदार, तुमची निवृत्ती कधी?"

"या महिनाअखेरीला."

"छान. चार्जच्या यादीत रकाना असतो. सील शाबूत आहे किंवा नाही. आहे ना? मग आहे लिहा. खोटं लिहा असं मी म्हणतोय का?" त्यांनी नखांचे तुकडे कागदावर गोळा केले. "आणि एक सांगा. तुमच्या चावीशिवाय ते दार उघडतं का?"

"नाही."

"चावी तुमच्याकडेच असते?"

"रजेत नव्हती."

"कोणाकडे होती? वही आणा, सही बघू."

हवालदार उभेच राहिले. पंखा फिरत होता आणि कागदावरची नखं हळूहळू उडत होती.

"बघा बुवा," साहेब आईच्या मायेने म्हणाले, "तुम्ही आम्हाला बापासारखे. मुलगी, जावई, पेन्शन, सगळं कसं जिथल्या तिथे आहे. कशाला घोळ घालता?"

त्याच संध्याकाळी हवालदार मुलीच्या घरी गेले. मुलगी आत कपडे घड्या करत होती. जावई दारातच भेटला आणि चेहरा बघूनच काय ते समजला.

"जावईबापू, चावी कोणाला दिली होती?"

"मामा, आत या ना आधी."

"चावी कोणाला दिली होती?"

जावयाने आतल्या खोलीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "साहेबांनी मागितली. साहेब मागतात तेव्हा नाही म्हणता येतं का? तुम्हीच सांगा. मी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. मी फक्त चावी दिली."

"फक्त चावी तर मीही दिली होती."

"नंतर त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं. म्हणाले, सासऱ्यांचा डोळा आहे, असू दे. मी मागितलं नव्हतं, मामा."

हवालदारांना आधी कळलंच नाही. मग कळलं. डावा हात आपोआप डाव्या डोळ्याकडे गेला. ज्या भिंगातून त्यांना ती खाच दिसली, ते भिंग त्या बॅगेतल्या पैशांचं होतं. गिरणीतल्या कोणाच्या तरी पगाराने त्यांना गिरणीची चोरी दिसली होती. जुन्याच धुरकट डोळ्याने त्यांनी बॅग पाहिली असती तर सगळे सुखी राहिले असते.

"काढून देता येत असता तर हातात काढून दिला असता मी हा डोळा," ते म्हणाले आणि मग त्यांच्या तोंडून मुलीच्या लग्नापासून कधी न निघालेलं ते निघालं, "तुला एक सही करायला काय झालं होतं रे? वही टेबलावर होती. तू तरी मागायचीस!"

"तू?" आतून मुलगी बाहेर आली. "बाबा, यांना तू म्हणालात?"

मुलीने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. "डोळ्यात औषध घातलंत का आज?" तिने विचारलं. वडील न बसताच परत निघाले.

मग सुरू झाले ते खरे हाल. हवालदारांनी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, दोन पानी. वरच्या कचेरीत घेऊन गेले. तिथल्या कारकुनाने पहिलं पान वरवर पाहिलं.

"हा थेट नाही घेता येणार. योग्य मार्गाने पाठवा."

"म्हणजे?"

"तुमच्या साहेबांमार्फत. त्यांचा शेरा हवा."

"अहो, अर्ज त्यांच्याच विरुद्ध आहे."

"मग तर शेरा पाहिजेच. त्यांची बाजू नको का कळायला?"

"निदान पोच तरी द्या. अर्ज दाखवला एवढी तरी."

"घेतलाच नाही तर पोच कशाची देऊ, काका?"

हवालदारांनी दुसऱ्या मजल्यावर पाहिलं, तिसऱ्या मजल्यावर पाहिलं. एका खिडकीत जेवणाची सुट्टी होती, दुसऱ्या खिडकीतला माणूस बदलून गेला होता, तिसरीत त्यांना पहिल्या खिडकीत पाठवलं. ज्या माणसाने एकतीस वर्षं दर सुरीची, दर चपलेची पोच दिली होती, त्याला दोन कागदांची पोच कोणी देईना. पोस्टाने पाठवलेला अर्ज पाचव्या दिवशी ठाण्यातच आला, 'उचित कार्यवाहीसाठी'. साहेबांनी तो स्वतः आणून त्यांच्या टेबलावर ठेवला. "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं," म्हणाले आणि गेले.

घरी बायको म्हणाली, "अहो, जेवताना तरी ते दात खाणं बंद करा."

"मी दात खात नाहीये."

"मग काय खाताय? ताटात तर सगळं तसंच आहे." मुलीकडून तिला सगळं कळलं होतं हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. "एवढी वर्षं निघाली. उरलेले आठ दिवस नाही निघणार?"

"आठ दिवसांनी मी घरी बसेन. बॅग तिथेच असेल."

"असू दे की. दुसरं कोणी बघेल."

"तेच तर," हवालदार म्हणाले. "दुसरं कोणी बघेल."

ते दुसरं कोणी म्हणजे एक नवी मुलगी होती. प्रशिक्षण संपवून ठाण्यात येऊन तिला दीड महिना झाला होता, टोपी अजून डोक्यावर नीट बसत नव्हती. खोलीचा ताबा तिला द्यायचा हे साहेबांनी ठरवलं होतं. ठाण्यात बारा-बारा वर्षांचे अनुभवी शिपाई असताना हिचीच निवड झाली, म्हणून सगळ्यांना तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं. हवालदारांना पहिल्यांदा राग आला आणि मग कारण कळलं. कोर्टात बॅग उघडेल तेव्हा खोलीची चावी तिच्या कमरेला असेल. आत नोटांऐवजी बहुधा वर्तमानपत्राची चाळीस पुडकी निघतील. यादीत लिहिलेलं असेल, सील शाबूत मिळाले, खाली तिची सही.

आठवडाभर ती त्यांच्या हाताखाली काम शिकली. ती प्रश्न फार विचारायची.

"काका, लाख किती वितळवायची?"

"मधासारखी होईपर्यंत. उकळू द्यायची नाही."

"आणि सुतळीला नेहमी हीच गाठ का?"

"कारण ती कापल्याशिवाय सुटत नाही."

"काका, यादी मोठी असली तर सगळं वाचायचं की नुसते आकडे जुळवायचे?"

हवालदारांनी हातातली लाख खाली ठेवली. "वाचल्याशिवाय सही करायची नाही. मी दिली तरी. साहेबांनी दिली तरी. तुझ्या बापाने दिली तरी. एकदाही नाही. कळलं?"

"एवढं काय ओरडताय, काका? कळलं."

शेवटून तिसऱ्या दिवशी ते साहेबांकडे परत एकदा गेले. अर्ज नव्हता, हातात काहीच नव्हतं.

"साहेब, त्या मुलीचं काय?"

"तिचं काय?"

"बॅग उघडेल तेव्हा."

"तरुण आहे. तरुणांचं निभावतं," साहेब म्हणाले. मग प्रेमळपणे, "तुमची मुलगीही तरुणच आहे ना हो?"

महिनाअखेरीचा दिवस उजाडला. सकाळी अकराला चार्ज. साहेब, नवी मुलगी आणि हवालदार, तिघं मागच्या खोलीत. जावई दाराशी उभा होता. त्याचं तिथे काम नव्हतं, पण त्याला कोणी जा म्हटलं नाही. यादी तीन प्रतींत, मध्ये कार्बन. एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, एक त्याच दिवशी टपालाने वरच्या कचेरीत. तिच्याशिवाय खोलीचा ताबा बदलत नाही आणि तिला साहेबांचा शेरा लागत नाही. सगळ्या सरकारात हा एकच कागद होता, जो घ्यायला कोणी नकार देऊ शकत नव्हतं. हे हवालदारांना आदल्या दिवशी, चपला घालताना सुचलं होतं.

ते लिहीत गेले. सुरा, सील शाबूत. सायकल. शिवणयंत्र. घड्याळ, बंद स्थितीत. चप्पल, एक. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मुलगी प्रत्येक वस्तूला हात लावून बघत होती.

मग बॅग. हवालदारांची लेखणी रकान्यात थांबली. त्यांनी 'शाबूत' लिहिलं. साहेबांनी श्वास सोडला. हवालदार मात्र रकान्याबाहेर पडून समासात लिहीतच राहिले, सुंदर अक्षरात, कार्बन नीट उमटावा म्हणून दाबून:

'मोहर शाबूत आहे, पण ती टवका उडाल्यानंतरची आहे. बॅग त्याआधी दोन वर्षांची. टवक्यानंतर माझ्या रजेत आठ दिवस चावी माझ्या जावयाकडे, त्याच्याकडून साहेबांकडे. मी सही घेतली नाही. चूक माझी. बॅग घेणाऱ्याच्या समक्ष उघडून मोजावी, तोवर ताब्यात घेऊ नये.'

खाली सही. तारीख. मग त्यांनी यादी मुलीपुढे सरकवली.

"बघू," साहेबांनी हात पुढे केला.

"साहेब, मी वाचतेय," मुलगी म्हणाली.

तिने वाचलं. तिचे कान लाल झाले. तिने बॅग उचलून खिडकीपाशी धरली, मग फळीवरून एक जुना सुरा आणला आणि दोन्ही ठसे शेजारी ठेवले.

"यादी खराब झाली," साहेब म्हणाले. "दुसरी करा. हवालदार, भान ठेवा, तुमची मुलगी..."

"साहेब, अनुक्रमांक छापील आहे," मुलगी हळूच म्हणाली. "फाडली तर का फाडली ते लिहावं लागतं."

तिने लिहिलं: 'बॅग वगळून बाकी मिळाले.' सही केली, शिक्का मारला, मधली प्रत फाडून हवालदारांपुढे धरली. वरच्या कचेरीची प्रत तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, शाळेतल्या पाटीसारखी.

पोच मिळाली. एवढ्यासाठी एक महिना गेला होता. बरं वाटायला हवं होतं. पण हवालदारांना दिसत होता तो आजचा दुपारचा जावयाचा फोन, त्यांच्या मुलीने उचललेला, आणि उद्याची एक तारीख, गजाला टांगलेली छत्री. बॅग उघडली तरी पैसे त्यात येणार नव्हते. डावा डोळा चुरचुरत होता. त्यांनी कमरेची चावी सोडली. दोरी पट्ट्यात अडकली, दोनदा ओढावी लागली. चावी टेबलावर ठेवून त्यांनी प्रत चौघडी करून खिशात घातली.

"मामा," दारातून जावई म्हणाला. तो बाजूला झाला नव्हता. "मामा, मी आता काय करू?"

हवालदारांनी त्याच्याकडे पाहिलं, नव्या डोळ्याने, अगदी जवळून. दाढी करताना हनुवटीखाली राहिलेला एक केससुद्धा दिसत होता. मग ते तिरके होऊन त्याच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीतून निघाले, पायऱ्या उतरले आणि बाहेर पडले.